नियम क्रमांक ४ खोडा: कथास्पर्धेच्या आयोजकांना खुले पत्र

फोंडा, गोवा

आदरणीय आयोजक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या कथास्पर्धेचं पत्रक परवा पाहिलं. दुकानाच्या दारावर 'जुनी पुस्तके घेतो व देतो' ह्या पाटीखाली चिकटवलंय तेच. मी चार पुस्तकं परत करून सहा घेऊन जायला आले होते (हा हिशेब माझा कधीच जुळत नाही, असं घरचे म्हणतात). पत्रकावर नऊ नियम आहेत. सातव्याबद्दल थोडी कुरकुर आहे, ती शेवटी सांगते. चौथा मात्र मी छत्री न मिटता तीनदा वाचला:

'कथा प्रमाण मराठीतच असावी. बोलीभाषेतील (उदा. कोंकणी) संवाद असलेल्या कथा बाद ठरवण्यात येतील.'

हा नियम काढा, एवढं सांगायला हे पत्र. काउंटरपाशी बोलले असते तर मालकांनी चहा सांगितला असता, आणखी दोघं येऊन बसले असते आणि गप्पा पावसावर गेल्या असत्या. म्हणून लिहून काढते. आणि उघड लिहिते, कारण हा नियम वाचून किती जणी आपली वही परत कपाटात ठेवतील ते तुम्हाला कधी कळायचंच नाही. न आलेल्या कथेला तुमच्या रजिस्टरात क्रमांक पडत नाही.

नवीन मंडळींसाठी माझी ओळख. मी ह्या स्पर्धेची पहिल्या फेरीची वाचक. तीन वर्षं कथांचे गठ्ठे घरी नेऊन वाचते, बऱ्या वाटतात त्या बाजूला काढते आणि मग त्या परीक्षकांकडे जातात. मानधन म्हणून गठ्ठ्यामागे एक पुस्तक मिळतं. ते मी निवडते आणि मालक दर वेळी 'हेंच?' असं विचारून कपाळाला आठ्या घालतात. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलं, बरीचशी डिचोली आणि सत्तरीत.

पहिल्या वर्षी नियम नव्हतेच, आठवतं? काउंटरवर बिस्किटांची रिकामी काचेची बरणी होती आणि तिच्यात जुन्या पुस्तकांतून निघालेल्या वस्तू. हा धंदा करणाऱ्यांना ठाऊक असतं, जुनं पुस्तक एकटं येत नाही. कोणी पोर्तुगालला जातं, कोणाचा मुलगा मुंबईत फ्लॅट घेतो, गावचं घर रिकामं होतं आणि पुस्तकं गोणीतून दुकानात येतात. कसरीने खाल्लेली, पावसाळ्यात बुरशी धरून पानाला पान चिकटलेली. ती झटकताना आतून काय काय पडतं! बरणीत होतं ते मला अजून आठवतंय: कदंबाचं, म्हणजे आमच्या सरकारी बसचं, फिकट पडलेलं तिकीट, वाळून कागदासारखं झालेलं सुरंगीचं फूल, पोर्तुगीज अमदानीतलं एक पोस्टाचं तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, मुंबईच्या बोटीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा, आणि एक इनलँड पत्र, ज्याच्यावर पत्ता होता पण आत एकही ओळ नव्हती. ज्याला भाग घ्यायचाय त्याने बरणीत हात घालायचा, एक वस्तू काढून बघायची, परत ठेवायची आणि पंधरा दिवसांत तिची कथा आणून द्यायची. बक्षीस दुकानातल्याच पुस्तकांचं. मला तर ह्याहून चांगली कथास्पर्धा सुचत नाही. यंदाच्या पत्रकावर विषय 'नातेसंबंध' असा आहे. असो.

त्या कोऱ्या इनलँडवर सात जणांनी लिहिलं आणि सातही कथा वेगळ्या निघाल्या. एकीत पत्र पाठवणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हतं. पत्ता शेजारच्या मुलाने लिहून दिला. मग मजकूर सांगायची वेळ आली तेव्हा तिला त्या मुलासमोर बोलवेना. ती म्हणाली, 'र्‍हांव दी, फाल्यां सांगतां.' ते फाल्यां काही उजाडलं नाही. ही कथा लिहिणारा बसवर कंडक्टर होता. त्याने निवेदन मराठीत लिहिलं होतं, आणि बाईने तोंड उघडलं की कोंकणी. तसं कर म्हणून त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाकीच्या बहुतेक कथांतही हेच होतं, आणि तेव्हा कुणाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

गोव्याबाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ह्याचं आश्चर्य वाटतं, म्हणून जरा सांगते. आमच्या गावांत जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं. ऐतिहासिक असलं तर फारच बरं. महाराजांचं काम करणारा गडी दिवसा पोस्टात असतो. रात्री विंगेत मिशी चिकटवता चिकटवता ओरडतो, 'अरे, म्हजी तलवार खंय?' आणि पुढच्याच क्षणी उजेडात येऊन अशी दणदणीत मराठी फेकतो की पुण्याच्या नटाने ऐकत राहावं. पुढे बसलेली आजी शब्दन् शब्द समजून घेते, डोळे पुसते आणि शेजारणीला सांगते, 'बरें केलें गो ताणें.' ह्यात विसंगत असं कुणालाच काही वाटत नाही. पुराण, कीर्तन, आरती, नाटक, वर्तमानपत्र मराठीत. चूल, शेत, भांडण, लाड कोंकणीत.

हे कसं झालं ह्यावर इथे कुणी ना कुणी रोज वाद घालत असतं. मला दिसतं ते एवढंच: कुठ्ठाळीचा मंगेश देव पोर्तुगिजांच्या भीतीने १५६० साली झुआरी नदी ओलांडून इकडे प्रियोळला आला, तेव्हा आमची ही बाजू पोर्तुगिजांकडे नव्हती. फोंडा महाल त्यांच्याकडे गेला १७६३ मध्ये, दोन शतकांनी. तोवर आणि त्यानंतरही इथे देवळं राहिली, आणि देवळांबरोबर कीर्तनकार आणि त्याची मराठी. १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तशाच एका शाळेत मी पाटीवर 'ग म भ न' गिरवलं. घरी येऊन आईला दाखवलं ते कोंकणीत.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या गठ्ठ्यात एक कथा आली, वहीच्या सोळा पानांवर शाईपेनाने लिहिलेली. डिचोलीकडचं घर, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यानंतरचं. मुलाने कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात उभा, टायरांवर वेल चढलेले. बँकेचा माणूस येऊन जातो. मुलगा म्हणतो, घर विकूया. आजी सुपात तांदूळ निवडत बसलीय. ती मान वर करत नाही. म्हणते, 'हांव जिती आसासर घर विकूंक दिवची ना.' आणि तांदळातला खडा काढून ट्रकच्या दिशेने भिरकावते. खडा पत्र्यावर वाजतो. संपली कथा. मी रात्री अकराला वाचली आणि पंखा बंद करून परत वाचली, कारण पानं उडत होती.

ती अंतिम फेरीला गेली आणि परत आली. वर पेन्सिलीने शेरा: 'आशय चांगला. भाषा अशुद्ध. संवाद प्रमाण मराठीत करून घ्यावेत.' लेखिकेने बिचारीने करून दिले. आजी आता म्हणू लागली, 'मी जिवंत असेपर्यंत हे घर विकू देणार नाही.' मोठ्याने म्हणून बघा. ही बाई तांदूळ निवडत नाहीये. हिच्या अंगावर जरीची साडी आहे, मागे ढॅणढॅण संगीत वाजतंय आणि जाहिराती संपल्या की ती चक्कर येऊन पडणार आहे. शब्दाला शब्द बरोबर, आणि आजी गायब. पुढे काय व्हावं? त्या कथेला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. दुसरा शेरा होता: 'संवाद कृत्रिम वाटतात.'

लेखिका वही न्यायला दुकानात आली तेव्हा मी होते. काही बोलली नाही. दोन जुनी पाककृतींची पुस्तकं घेतली आणि गेली. यंदाचा नियम ४ त्या पेन्सिलीच्या शेऱ्यातूनच उगवला असावा, असा माझा अंदाज आहे.

परीक्षकांवर रागावण्याचा मला अधिकार नाही, कारण हेच काम मी लाल शाईने केलंय. वाळपईकडच्या एका शाळेत चौथीच्या मुलाने सुट्टीवर निबंध लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'आम्ही सकाळी उठून बोंडां पुंजावतो.' मी दोन्ही शब्दांवर काट मारून वर लिहिलं, 'काजूची फळे गोळा करतो'. त्याच्या वहीच्या पानाला बोंडांचा तो आंबूस वास येत होता, ते मला कळलं होतं, तरी मारली. पुढचा निबंध त्याने गाइडातून उतरवला. त्यात वसंत ऋतू होता, कोकिळेचं मंजुळ कूजन होतं. मी दहापैकी आठ दिले. मुलाने पुन्हा कधी बोंडां लिहिली नाहीत, आणि मला वाटलं, मराठी सुधारली.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे: स्पर्धेला आता मुंबई-पुण्याहून, बेळगावहून कथा येतात, सगळ्यांना एकच माप हवं, आणि बाहेरच्या वाचकाला कोंकणी कळत नाही. त्यातलं माप मी समजू शकते. निवेदन मराठीत असू दे, ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापा, कथा घसरली तर शंभरदा परत पाठवा. पण कळत नाही हे मला पटत नाही. विदर्भातल्या कथेत 'काहून' आलं म्हणून आपण पुस्तक मिटतो का? खानदेशातल्या, माणदेशातल्या माणसांची बोलणी आपण मराठी कथेत वाचत आलो, तळटिपांवाचून. मालवणी नाटकांनी मुंबईत हाउसफुल्लचे बोर्ड लावले. गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल नदीच्या पलीकडे जे चाललं ते अलीकडे अशुद्ध कसं? 'घर विकूंक दिवची ना' हे ज्याला संदर्भावरून समजत नाही, तो वाचक आजीने फेकलेला खडाही ऐकणार नाही.

आणखी एक. तो कंस, '(उदा. कोंकणी)', कृपा करून काढाच. कोंकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा मानलं. १९८७ च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली, मराठीच्या वापराची सोय त्याच कायद्यात ठेवली. १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. तिला बोलीच्या कंसात बसवणं म्हणजे बसल्या जागी भांडण विकत घेणं. ऐंशीच्या दशकात ह्या प्रश्नावरून सख्ख्या भावांनी अबोला धरलेला मी पाहिलाय. माझं पत्र त्या चुलीत सरपण म्हणून कुणी घालू नये. माझ्या कोंकणी लिहिणाऱ्या मैत्रिणी मला विचारतात, मग सरळ कोंकणीतच लिही की, मराठीच्या दारात कशाला उभी राहतेस? त्यांना मी सांगते की मला अक्षर मराठीत मिळालं, आवाज कोंकणीत. दोन्ही माझेच. सावई-वेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार म्हणून नावारूपाला आले आणि १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना कोंकणी लेखनासाठी मिळाला. सावई-वेरे आपल्याच तालुक्यात आहे.

गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात तीन-चार कथा अशाही होत्या ज्या, माझी खात्री आहे, कुणा माणसाने लिहिलेल्या नव्हत्या. यंत्राकडून लिहून घेतलेल्या. शुद्धलेखनाची एक चूक नाही, प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, शेवटी सगळ्यांना काहीतरी उमगलेलं, आणि अख्ख्या कथेत कुणाला घाम नाही, खोकला नाही. नियम ४ ला त्या तंतोतंत बसतात. वहीची सोळा पानं बसत नाहीत.

आता मला खरं जे दाखवायचंय ते. दुकानाच्या मागच्या खोलीत, डाव्या हाताला, तिसऱ्या फळीवर एक मराठी कथासंग्रह आहे. वरचं पान गेलंय, त्यामुळे लेखक कोण ते मलाही कळलं नाही. कुठल्याशा वाचनालयाचा पुसट जांभळा शिक्का आहे. ते पुस्तक कुणीतरी हातात पेन्सिल धरून वाचलंय. एका कथेत सासू सुनेची मनापासून माफी मागते, तिथे समासात लिहिलंय, 'हें खरें न्हय.' आणखी पंधरा-वीस पानांनी, एका कंजूष बाईच्या वर्णनाशेजारी, 'म्हजी मावशी!' आणि शेवटच्या कथेच्या खाली, इतक्या बारीक अक्षरांत की मी चश्मा पुसून वाचलं, 'रडलें हांव.'

रडलें. रडलो नाही, रडली नाही. म्हणजे पेन्सिल धरणारी तरुण मुलगी होती. आमच्याकडे पोरी स्वतःबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, पुढे वय झालं की स्त्रीलिंगात येतात. ट्रकवाल्या कथेतली आजी 'दिवची ना' म्हणते. तिथे नात असती तर 'दिवचें ना' म्हणाली असती. एका मात्रेत बाईचं वय कळतं. प्रमाण मराठीत हे सांगायला तुम्हाला वेगळं वाक्य घालावं लागेल, आणि मग परीक्षक लिहितील, 'अनावश्यक तपशील टाळावा.'

त्या मुलीने अख्खं पुस्तक मराठीत वाचलं, आणि जिथे तिला काही बोलायचं होतं तिथे ती कोंकणीत बोलली. तिला आपण वाचक म्हणून पुस्तक विकलं असतं. उद्या तिने तशीच कथा लिहून आणली तर बाद करणार?

तर नियमाच्या जागी काय लिहावं? माझ्या मते काहीच नको. लिहायचंच असेल तर, 'कथा मराठीत असावी, माणसं आपापल्या भाषेत बोलली तरी चालेल', एवढं पुरे. मराठी आणि कोंकणी दोन्ही कानांनी ऐकणारा निदान एक परीक्षक अंतिम फेरीत असू द्या. फोंड्यात असे दगड मारावा तिथे सापडतील. बाहेरच्या परीक्षकांना एखादा शब्द अडला तर त्यांनी खुशाल मला फोन करावा. कथा 'संवादांमुळे' नाकारायची असेल तर ते संवाद एकदा मोठ्याने वाचून मगच नाकारावी. आणि शक्य झालं तर ती बरणी परत आणा. मालक म्हणतात, वस्तू अजून ड्रॉवरमध्ये आहेत, फक्त सुरंगीच्या फुलाचा चुरा झाला.

सातव्या नियमाची कुरकुर: 'कथा युनिकोडमध्ये टाइप केलेलीच स्वीकारली जाईल.' अहो, तुमच्या स्पर्धेच्या अर्ध्या लेखिका साठीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या घरात टाइप करणारं जे एकमेव माणूस असतं ते नातू, आणि काही कथा नातवाला दाखवण्यासारख्या नसतात. हाताने लिहिलेल्या दहा कथांपर्यंत मी टाइप करून देईन. दहाच. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

नियम राहिला तर मी यंदा गठ्ठा घेणार नाही. धमकी म्हणून लिहीत नाही. लाल पेन मी एकदा ठेवून दिलंय, ते परत हातात घ्यायची इच्छा नाही. नियम काढलात तर पत्रकावर नुसती काट मारा, नवीन छापू नका. काट मारलेली दिसली पाहिजे. मग मी पिशवी घेऊन येते. त्या डिचोलीकडच्या लेखिकेलाही मीच कळवीन. वही तिच्याकडे आहे, आणि पहिली प्रत तिने फाडली नसेल अशी माझी आशा आहे.

आणि एक, मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. वाऱ्याबरोबर शिंतोडे थेट तिसऱ्या फळीवर येतात. पेन्सिलीचं ते पुस्तक मी वरच्या फळीवर, शब्दकोशांच्या मागे ठेवलंय. त्याची किंमत कुणी विचारली तर विकायचं नाही म्हणून सांगा.

देव बरें करूं.

आपली,
पहिल्या फेरीची वाचक
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)